शिरूरच्या बाजारातली संजीवनी

लातूर जिल्ह्यातले शिरूर अनंतपाळ हे काही प्रवासवर्णनात मिरवणारे गाव नव्हे. घरणी नदीच्या परिसरातली काळी जमीन, तूर-सोयाबीनची शेते आणि १९९९ साली लाभलेला तालुक्याचा मान, एवढेच त्याचे वैभव. पण आठवडी बाजारात हिंडण्याचा ज्याला कंटाळा नाही, त्याला तिथे एखादे वेळी रामायणही भेटते!

जडीबुटीवाल्याच्या फडक्यावर वाळक्या काड्यांचे मुठीएवढे गोळे होते. शेजारच्या ताटलीत सकाळपासून भिजलेला तसलाच एक गोळा हिरवागार पसरला होता. “हनुमंतानं आणलेली संजीवनी!” तो ओरडत होता. माझ्या चष्म्याकडे पाहून एका आजींनी विचारले, “गुरुजी, खरी हाय का वो ही? मालकाला धाप लागायलीय.”

मी म्हणालो, “आजी, झाड खरं आहे, पण धाप दवाखान्यात दाखवा.” आजींनी कनवटीचे पैसे पुन्हा कनवटीला लावले आणि दवाखान्याची वाट विचारली.

ही वनस्पती सेलाजिनेला कुळातली. सातपुडा-विंध्याच्या खडकांवर ती वाढते. तिला ना फूल, ना बी. नेच्याप्रमाणे बीजाणूंवर वंश चालतो.  बाजाराने तिचे नाव रामायणातून उसने आणले. उन्हाळ्यात ती अंग मिटून कोरडी होते आणि पाणी मिळताच पुन्हा कामाला लागते. मेक्सिकोतली तिची चुलतबहीण तर मेल्यावरसुद्धा पाण्यात उमलते! तेव्हा नुसते उमलणे ही जिवंतपणाची खूण नव्हे. हिरवेपणा परतला पाहिजे.

के. एन. गणेशय्या आणि सहकाऱ्यांनी २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये संजीवनीचा शोध घेतला, तेव्हा उमेदवारांच्या यादीत हिचेही नाव होते. पण उमेदवारी म्हणजे निवड नव्हे. जी स्वतः पुन्हा जगते, ती दुसऱ्याला जगवतेच असे कुठे आहे?

तिचा खरा मोठेपणा निराळाच आहे. शिरूरच्या मातीखालचा काळा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, तर तिच्या घराण्याची परंपरा जवळजवळ ४० कोटी वर्षांची! याच घराण्यातल्या ३० मीटर उंच वृक्षांचा युरोपात दगडी कोळसा झाला. असला गोळा कुठे दिसला, तर मुलांना ही वंशावळ जरूर सांगा. मात्र घरातल्या दुखण्याचा भार त्या बिचारीवर टाकू नका.