'शाळा'त अक्षरं किती? दोन, चार की बारा?



'शाळा' या शब्दात अक्षरं किती? दोन, असंच म्हणाल ना? माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीनंही वहीत २ लिहिलं होतं. मग आम्ही संगणकाला विचारलं. तो म्हणाला, १२! मुलीनं गुपचूप २ खोडून १२ लिहिलं. काळजात चर्र झालं.

खरं तर तीच ओळ मी आदल्या रात्री घरच्या लॅपटॉपवर करून पाहिली होती. तिथे उत्तर ४ आलं होतं. संगणक काना वेगळा मोजतो, एवढं मुलांना सांगायची तयारी मी केली होती. पण हे १२ कुठून आले?

घरी आल्यावर शोधाशोध केली, तेव्हा उलगडा झाला. घरी पायथॉन ३ आहे, शाळेच्या जुन्या संगणकावर पायथॉन २. अवतरणचिन्हांत लिहिलेल्या शब्दाचा अर्थ दोघं वेगवेगळा लावतात. पायथॉन २ त्यातले बाइट मोजतं. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. श, काना, ळ, काना ही झाली ४ चिन्हं; म्हणून ४ × ३ = १२. डिसेंबर २००८ मध्ये आलेलं पायथॉन ३ थेट चिन्हं मोजतं. जुन्यात तसं हवं असेल तर अवतरणचिन्हाआधी रोमन 'यू' लावावा लागतो. गंमत बघा, पायथॉन ३ मध्ये सुरुवातीला हा 'यू' चालेनासाच झाला. जुने प्रोग्रॅम अडायला लागले, तेव्हा २०१२ साली ३.३ मध्ये त्याला परत घेतलं!

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तिन्ही उत्तरं लिहिली आणि विचारलं, "कोणी काय मोजलं?" १२ बाइट, ४ चिन्हं, २ अक्षरं.

ती मुलगी हळूच म्हणाली, "बाई, म्हणजे माझं बरोबर होतं?"

"होतंच गं. तू खोडत होतीस, तेव्हाच मी थांबवायला हवं होतं."

मित्रांनो, मुलांचं उत्तर संगणकाशी किंवा गाइडशी जुळलं नाही, तर लगेच फुली मारू नका. आधी विचारा, "तू काय मोजलंस?"

घरी 'मराठी' हा शब्द घेऊन करून पाहा. अक्षरं ३, चिन्हं ५, बाइट १५. पण आधी मुलांना मोजू द्या, संगणक नंतर!