शेजाऱ्याची बासरी

वाद्यवृंदात माणसाला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक सूर आणि दुसरा शेजारी. त्यातल्या त्यात सुराचे सोपे. तो बिघडला तर साऱ्या श्रोत्यांना त्रास होतो. शेजारी बिघडला तर सगळा त्रास आपल्या एकट्याला!

मला कुठलेच वाद्य येत नाही. त्यामुळे कार्यक्रमात मी ऐकतो कमी आणि बघतो जास्त. वादकांचे शिष्टाचार मोठे कडक असतात बुवा. दुसरा एकटा वाजवत असला की आपण चुळबुळ करायची नाही. तो चुकला तर मान वळवून मुळीच बघायचे नाही. बघणे म्हणजे भर सभेत चुगली! विनोदी सिनेमावाल्यांनी हे नियम आधी पाठ केले आणि मग एकेक करून मोडले.

लॉरेल-हार्डींचा १९२८ सालचा ‘यू आर डार्न टूटिन’ घ्या. एकाकडे क्लॅरिनेट, दुसऱ्याकडे फ्रेंच हॉर्न. दोघांचा शेजारधर्म असा, की बँडमास्तरच्या कार्यक्रमाचे तीनतेरा वाजतात आणि पुढे भर रस्त्यात एकमेकांच्या नडग्यांवर लाथा! मूकपट असूनही बेसूर ऐकू येतो.

१९५२ सालच्या ‘लाइमलाइट’मध्ये चॅप्लिन व्हायोलिनवर आणि बस्टर कीटन पियानोवर. कीटनचे स्वरलिपीचे कागद घसरत राहतात, चॅप्लिनचा पाय विजारीत आखडत जातो. बघावे कुणाकडे? पण दोघांतला एक जरी उठून गेला असता, तरी दुसऱ्याचा विनोद खरोखरच लंगडा पडला असता.

माझा सगळ्यांत लाडका मात्र डिस्नेचा १९३५ सालचा ‘द बँड कॉन्सर्ट’. मिकी माऊस गंभीर चेहऱ्याने रोसिनीची ‘विल्यम टेल’ वाजवून घेतोय आणि आइस्क्रीम विकायला आलेला डोनाल्ड डक मध्येच बासरीवर भलतीच धून काढतोय. बँडही बापडा त्या धुनेमागे वाहवतो. मिकी बासरी मोडतो, तर दुसरी हजर! पुढे वादळ येते, वादक आकाशात उडतात, तरी वाजवणे थांबत नाही. कारण मिकीची काठी थांबलेली नसते. आणि सगळे आटोपल्यावर टाळ्या वाजवणारा उरतो एकच. डोनाल्ड!

तेव्हा शेजाऱ्याची बासरी मोडण्याआधी जरा थांबावे. न जाणो, शेवटी टाळी द्यायला तोच उरायचा.