कर्ज मालकाचे, ताबा भाडेकरूचा

ती. काकांस,


घरमालकाने वाडा गहाण ठेवून उचललेले कर्ज थकले, तर त्याच वाड्यात वर्षानुवर्षे भाडे भरून राहणाऱ्याचे काय होते, हा आपल्या पत्रातील प्रश्न वरकरणी मालक आणि बँक यांच्या देण्याघेण्याचा दिसतो. महाराष्ट्रात मात्र त्यापायी दोन कायदे एकमेकांसमोर उभे ठाकले आहेत.

पहिला कायदा संसदेने २००२ मध्ये केलेला, ‘सरफेसी’ या नावाने रुळलेला. त्याने तारण मालमत्ता विकण्यासाठी दिवाणी दावा लावण्याची गरज बँकेला ठेवलेली नाही. खाते अनुत्पादक ठरले, म्हणजे हप्ते ठरावीक मुदतीपलीकडे थकले, की कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस निघते; ती मुदत टळली की ताबा नोटीस दारावर चिकटवून दोन वृत्तपत्रांत छापली जाते, ज्याला सांकेतिक ताबा म्हणतात; आणि प्रत्यक्ष कुलूप लावण्यासाठी मुंबईत मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे, तर जिल्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. या सर्व कागदांवर नाव असते कर्जदाराचे, त्यामुळे राहणाऱ्याला प्रकरणाचा पत्ता बहुधा दारावरच्या नोटिशीवरूनच लागतो.

दुसरा कायदा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. त्याखालील भाडेकरूला, भाडे भरणे चालू असताना, कायद्यात नमूद केलेल्या कारणांवाचून आणि न्यायालयाच्या हुकुमावाचून बाहेर काढता येत नाही. (११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला हे संरक्षण नाही, कारण त्याला मिळते ती केवळ राहण्याची परवानगी.) सरफेसीच्या कलम ३५ नुसार तो अन्य कायद्यांवर वरचढ ठरतो, या आधारावर बँका भाडेकरूलाही हटवू पाहत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गहाणापूर्वीच्या वैध भाडेकराराला मान्यता देऊन भाडेकरूचे म्हणणे दंडाधिकाऱ्यांनी ऐकलेच पाहिजे असे सांगितले, आणि २० जानेवारी २०१६ रोजी, विशाल कलसारिया विरुद्ध बँक ऑफ इंडिया या मुंबईच्या खटल्यात, मालकाला जो भाडेकरू भाडे कायद्याबाहेर जाऊन काढता आला नसता तो मालकाचे घर गहाण घेणाऱ्या बँकेलाही सरफेसीच्या आडून काढता येणार नाही, असे स्पष्ट केले.

हा दिलासा मात्र पुढे आक्रसला. ११ सप्टेंबर २०१९ रोजी त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, गहाणाआधीची भाडेदारी टिकते हे तत्त्व कायम ठेवून, तोंडी किंवा नोंदणी न झालेल्या करारावर विसंबणाऱ्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०७ मधील मुदतीपलीकडे, म्हणजे एका वर्षाहून अधिक, ताबा मागता येणार नाही असे ठरवले. नोटिशीनंतर उगवणारे बनावट भाडेकरू ही बँकांची खरी डोकेदुखी असल्याने या निकालामागचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु महाराष्ट्राच्या भाडे कायद्याचे कलम ५५ करार नोंदवण्याची जबाबदारी मालकावर टाकते आणि त्याने ती पार पाडली नाही तर भाडेकरूचे कथन ग्राह्य धरते. मालकाच्या हलगर्जीपणाचा भुर्दंड भाडेकरूने सोसावा, हे त्या कलमाच्या हेतूशी विसंगत आहे.

शिवाय बँकेला घरात कोण राहते हे माहीत नसते, हा बचाव लंगडा आहे. कर्जापूर्वी बँकेचा मूल्यांकनकार जागेवर येतो आणि त्याच्या अहवालात घरात मालक राहतो की भाडेकरू, किती वर्षांपासून आणि किती भाड्याने, असे रकाने असतात. इंग्लंडमध्ये उमराव सभेने १९८० च्या बोलंड खटल्यात, केवळ पतीच्या नावावर असलेले घर त्याने गहाण ठेवले असता, पैसा घालून तेथे राहणाऱ्या पत्नीचा हक्क बँकेवर बंधनकारक ठरवला, आणि राहणाऱ्याकडे चौकशी करण्याचा भार सावकारावर टाकला. तेथील बँकांनी पुढे घरातील प्रौढांकडून हक्क सोडल्याची सही आधीच घेण्याचा मार्ग काढला, हा त्या निकालाचा दुसरा, तितकासा सुखद नसलेला परिणाम.

२०१६ च्या दुरुस्तीने सरफेसीत घातलेल्या कलम १७(४अ) मुळे भाडेकरूलाही आता कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. मुदत बँकेच्या कारवाईपासून ४५ दिवसांची आहे. सारी भिस्त तारखांवर असल्यामुळे गहाण केव्हाचे हे आधी शोधावे. हक्कलेख बँकेकडे ठेवून केलेल्या गहाणाची सूचना महाराष्ट्रात २०१३ पासून दुय्यम निबंधकाकडे ३० दिवसांत द्यावी लागते, तेथे तिचा माग लागतो. तेव्हा गहाणाच्या तारखेआधीच्या भाडेपावत्या, लाइटबिले आणि रेशनकार्ड एकत्र काढून ठेवावीत, मूळ प्रती कोणाच्याही हाती देऊ नयेत, मालकाने पुढे केलेल्या कोणत्याही संमतीपत्रावर वकिलाला दाखवल्याखेरीज सही करू नये, आणि भाडे एकही महिना थकू देऊ नये.