मैदान आखताना आपल्यालाही विचारा की!

पुण्याहून बारामती साधारण शंभर किलोमीटर आणि बारामतीहून इंदापूर आणखी पन्नासेक. एसटीत खिडकीची जागा मिळाली तर उसाचे फड बघता बघता रस्ता कसा संपतो ते कळत नाही. मैत्रिणींनो, तुम्ही या बाजूला आलात तर देवळं बघा, बाजार बघा. पण जोडीला आणखी एक गोष्ट बघा. गावातल्या मोकळ्या जागा! मुलगे कुठे खेळतात, मुली कुठे असतात आणि त्यांच्या आया कुठे बसतात, एवढं नुसतं पाहिलं तरी गावाची पुष्कळ ओळख होते.

बारामती हे कऱ्हाकाठचं, कविवर्य मोरोपंतांचं गाव. नीरा डावा कालवा गावातूनच वाहतो. मैदानांचं महत्त्व या गावाला ठाऊक नाही असं कोण म्हणेल? इथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर २०२० साली रणजी करंडकाचा सामना झाला. आषाढीच्या वारीत तुकोबारायांची पालखी मुक्कामाला येते ती शारदा प्रांगणात. पण रणजीचं मैदान वेगळं, आणि घरचा चहा झाला की चार वर्षांच्या लेकीला तासभर न्यायची जागा वेगळी. या दुसऱ्या जागेबद्दलच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

पुढे पालखीच्याच वाटेने इंदापूरला चला. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. मग भवानीनगर, सणसर, आणि बेलवाडीचं गोल रिंगण. नंतर निमगाव केतकी आणि मालोजीराजांच्या गढीचं इंदापूर. इंदापुरातही रिंगण होतं. ते एकदा तरी डोळे भरून पाहावं. आधी पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया, मग विणेकरी, आणि शेवटी अश्व. काष्टा घातलेल्या, पन्नाशी-साठीच्या बाया भर मैदानात, हजारो लोकांसमोर धावतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. कारण रिंगणात प्रत्येकाची जागा ठरलेली असते. बायांचीही असते.

रिंगण संपलं, पालखी पुढे गेली. मग वर्षभर त्याच गावातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुली कुठे धावतात हो?

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. एकदा सातवीच्या वर्गाला सांगितलं, “गावात नवं मैदान होणार आहे असं समजा आणि त्याचं चित्र काढा.” मुलग्यांनी क्रिकेटची खेळपट्टी काढली. मुलींच्या चित्रांत पाण्याचा नळ होता, दिवा होता, झाडाखालचा पार होता. एकीने झोका नाही, घसरगुंडी नाही, मधोमध नुसती कमरेएवढी भिंत काढली. “ही गं कशाला?” म्हटलं, तर म्हणते कशी, “बाई, टेकून बसायला. आणि मुलांचा चेंडू आमच्या लंगडीत येणार नाही.”

त्या पोरीने सांगितलं तेच ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहराला पाहणी करून कळलं! १९९० नंतरच्या दशकात तिथल्या बागांची पाहणी झाली. नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलगे-मुली बरोबरीने येत, पुढे मुली एकदम कमी होत. मधोमध एकच मोठी मोकळी जागा असली की ती मुलगे घेत, आणि भांडून जागा मिळवण्यापेक्षा मुली घरीच बसत. मग १९९९ मध्ये काही बागा नव्याने आखल्या. मोठ्या जागेचे भाग पाडले, पायवाटा वाढवल्या, दुसऱ्या खेळांना जागा दिली. मुली परत येऊ लागल्या.

तेव्हा आपल्या मुली दहाव्या वर्षानंतर घरात बसतात त्याला “आता मोठी झाली” हे एकच कारण नसतं. मैदान आखणाऱ्याने तिला धरलेलंच नसतं.

एका गावातल्या बागेत (नाव नको) पत्र्याची घसरगुंडी अशी बसवली आहे की दुपारचं ऊन थेट तिच्यावर. चार वाजता मुलाने बसायला जावं आणि चटका बसून ओरडत उठावं! झोक्याखाली फरशी. बाक आहेत, पण खेळणाऱ्या मुलांकडे पाठ करून. स्वच्छतागृह आहे, त्याला कुलूप! खर्च काही कमी झाला नसेल. पण आधी एखाद्या आईला विचारलं असतं तर यातली एकही गोष्ट अशी झाली नसती. घर बांधताना ओटा किती उंच हवा हे आपण गवंड्याला सांगतोच ना? नाही सांगितलं तर तो आपल्या अंदाजाने बांधतो आणि कंबर आपली दुखते.

तुम्ही म्हणाल, “आपल्याला कोण विचारतंय?” तर ऐका. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याप्रमाणे शहराचा विकास आराखडा अंतिम होण्याआधी लोकांपुढे ठेवावा लागतो आणि हरकती-सूचना मागवाव्या लागतात. मैदान कुठे येणार ते या आराखड्यात ठरतं. मुदतीत सूचना दिलीत तर सुनावणीत बोलताही येतं. आणखी एक लक्षात ठेवा. मैदानासाठी राखून ठेवलेली खासगी जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही काही हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होतं. म्हणून आपल्या भागात अशी जागा आहे का, हे नगरपरिषदेत जाऊन नकाशावर बघून या.

मैदानात काय असावं हे मात्र पुढे, अंदाजपत्रक आणि निविदा तयार होताना ठरतं. तिथे आपला अर्ज आधी पोचायला हवा. २०११ पासून नगरपरिषदांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, तेव्हा आपल्या प्रभागातल्या नगरसेविकेला गाठा. पुणे महापालिकेने तर २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातल्या कामांच्या सूचना अंदाजपत्रकासाठी मागवायला सुरुवात केली. आणि हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅमची गोष्ट पाहा. तिथे १९४७ साली आल्डो व्हान आयक यांनी एका चौकात छोटंसं मैदान केलं. ते पाहून आसपासच्या लोकांनी “आम्हालाही हवं” अशी पत्रं नगरपालिकेला लिहिली. पुढच्या तीसेक वर्षांत तशी सातशेच्या वर मैदानं झाली.

अर्जात “चांगलं मैदान व्हावं” असं मोघम लिहू नका. नेमकं लिहा:

१. घसरगुंडीवर दुपारी सावली पडावी. कडुनिंब, करंज आधी लावा, खेळणी मग बसवा.

२. झोके आणि घसरगुंडीखाली फरशी नको, वाळू हवी.

३. अगदी लहानांचा कोपरा वेगळा आणि कुंपणाचा. कालवा किंवा मोठा रस्ता जवळ असेल तर हे आधी.

४. लंगडी, खो-खोसाठी मुलींना वेगळी, सपाट जागा.

५. बाक मुलांकडे तोंड करून. पाण्याचा नळ, दिवे, आणि उघडं राहणारं स्वच्छतागृह.

६. चाकाची खुर्ची आणि बाबागाडी आत नेता येईल असा उतार.

अर्जावर दहा-पंधराजणींच्या सह्या घ्या, दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. हळदीकुंकवाला, भिशीला आपण जमतोच. त्यात अर्धा तास यासाठी काढा. आणि सही करायच्या आधी घरातल्या मुलीला विचारायला विसरू नका. ती कदाचित झोका मागणार नाही, भिंत मागेल. तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहा.