वर-खाली आच

शुक्रवार, ११ जुलै २०२५

काल गुरुपौर्णिमा झाली, आषाढ निम्मा सरला. २५ तारखेला श्रावण लागतो. आमच्या घरी सोमवार, गुरुवार, शनिवार आणि संकष्टीला मांसाहार नसतो, म्हणजे हाताशी मोजकेच वार उरलेत. १ जूनपासून मासेमारी बंद आहे. मुलुंडच्या बाजारात दिसतं ते पापलेट बर्फातलं, आणि अप्पांना बर्फातला मासा चालत नाही. राहिलं मटण.

अप्पा म्हणजे माझे सासरे, वय ८२. त्यांना खिम्याचे गोळे हवेत. सासूबाई करायच्या तसे, आधी तेलात खरपूस तळलेले आणि मग रश्शात सोडलेले. मार्चपासून डॉक्टरांनी तळण पूर्ण बंद केलंय. मी त्यांना वाफवलेला खिमा वाढते, तो ते मुकाट्याने संपवतात. त्यांचं ते मुकाट्याने संपवणं मला बघवत नाही. घरातल्या सगळ्यांत जुन्या माणसाच्या ताटात पथ्य दिसू नये, जेवण दिसावं, एवढं तरी मला जमायलाच हवं.

लेक गेल्या वर्षी कामानिमित्त अथेन्सला गेली होती. तिकडच्या केफ्तेदेसबद्दल ती अजून बोलते. खिम्याचे छोटे गोळे, त्यात कांदा, भिजवलेला शिळा पाव, पुदिना आणि ओरेगानो, सोबत दह्यातली काकडी. तिकडेही ते बहुधा तळतात, पण घरोघरी ओव्हनमध्येही भाजतात. १९२२ साली स्मिर्ना शहर जळालं, त्यानंतर आशिया मायनरमधून लाखो ग्रीक निर्वासित ग्रीसमध्ये आले. त्यांनी आपल्याबरोबर जिरं-लसूण घातलेले लांबट गोळे आणले, टोमॅटोच्या रश्शातले, सुत्झुकाकिया नावाचे. जिरं, लसूण, पुदिना यांतलं काहीच आपल्याला परकं नाही. ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, घरात आहेच, आणि तो काही फक्त केकसाठी घेतलेला नाही.

रविवार, १३ जुलै

सकाळी आठलाच मटणवाल्यांकडे रांग. पाऊस, छत्र्या, आणि प्रत्येकाच्या हातात डबा. मी सांगितलं, ‘रानाचा द्या. चरबी आणि पापुद्रे काढून, मशीनमधून दोनदा.’ त्यांनी एकदा वर बघितलं आणि विचारलं, ‘चरबी अजिबात नको? कबाब कोरडे होतील, ताई.’ त्यांचं म्हणणं बरोबर होतं. बकऱ्याच्या मांसात मुळातच चरबी कमी. तिकडे या गोळ्यांत बरेचदा गाईचं आणि डुकराचं मांस मिसळतात, ते आपल्या रसात भाजलं जातं. आपल्या मटणाचं तसं नाही. आणि पापुद्रे तर काढायलाच हवेत. रश्शात तासभर शिजताना ते विरघळतात, ओव्हनच्या वीस मिनिटांत नाही. मग ते अप्पांच्या कवळीत अडकतात.

दुपारी खिम्याचे दोन भाग केले. एकात फक्त कांदा, मसाला आणि अंडं. दुसऱ्यात तेच सगळं आणि वर पाण्यात भिजवून पिळलेला पाव. दोन्ही एकाच ट्रेवर, २०० अंशांवर. पाव नसलेले गोळे आक्रसून घट्ट झाले आणि ट्रेवर त्यांचं पाणी सुटलं. पाव घातलेले तेवढेच राहिले, मोडल्यावर आत ओलसर. कारण उघड आहे. मांस तापलं की आवळतं आणि पाणी बाहेर ढकलतं. पावातला स्टार्च ते पाणी धरून ठेवतो आणि मांसाच्या धाग्यांच्या मध्ये बसून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. तेल काढलं म्हणून पदार्थ हलका होत नाही. तेलाच्या जागी पाणी धरून ठेवणारं काहीतरी द्यावं लागतं. पथ्याच्या पाककृतींमध्ये नेमकी हीच गोष्ट सांगायची राहून जाते, आणि मग घरचे म्हणतात, पथ्याचं म्हणजे बेचव.

पुस्तकांत पाव दुधात भिजवायला सांगतात. मटणाला दूध अप्पांना पटत नाही. ग्रीक घरांमध्येही कुणी दूध घेतं, कुणी पाणी, कुणी वाइन. आपण पाणी घेऊ.

सोमवार, १४ जुलै

संकष्टी. चंद्रोदय होईस्तोवर वेळच वेळ.

ओव्हनमध्ये भाजणं हे साहेबी काम, असं आपल्याकडे अजूनही मानतात. मला ते पटत नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० साली आलं. त्या पाठारे प्रभू, आणि त्या ज्ञातीचं भानोलं म्हणजे भाजलेलाच पदार्थ. कोबीचं असो की कोलंबीचं, पातेलं निखाऱ्यांवर ठेवायचं, झाकणावरही निखारे ठेवायचे, आणि वरून-खालून आच लागून ते फुलायचं. आम्हा सीकेप्यांचं निनावंही तसंच, बेसन, गूळ आणि नारळाचं दूध घालून. सासूबाई आधी शेगडीवर करायच्या, पुढे काचेची खिडकी असलेल्या गोल अॅल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये. आमच्या ओटीजीला वर आणि खाली दोन कांड्या आहेत. काम तेच, फक्त निखारे फुंकावे लागत नाहीत.

शिवाय दिवाळीत नानकटाईचं पीठ मळून ट्रे बेकरीत नेणारी पिढी उपनगरांत अजून आहे. मुलुंडला, घाटकोपरला, बोरिवलीला, बेकरीवाल्याकडे नंबर लागायचे आणि प्रत्येक घराच्या ट्रेवर चिठ्ठी असायची. ग्रीसमधल्या गावांत रविवारी हेच चालायचं. घरात भट्टी नसे, म्हणून बायका मांसाचा किंवा भाजीचा ट्रे गल्लीतल्या बेकरीत ठेवून चर्चला जात आणि येताना जेवण घेऊन घरी जात.

आता आपल्या बेकऱ्याही बदलताहेत. मुंबई उच्च न्यायालयाने या जानेवारीत लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. धूर कमी व्हायलाच हवा, यात दुमत नाही. पण पावाचा खालचा तो करपट वास जाईल, याचं मला वाईट वाटतं. आमच्या इथला पाववाला म्हणतो, गॅसची भट्टी बसवायला कर्ज काढावं लागेल. अशा छोट्या बेकऱ्यांना महापालिकेने हात द्यायला हवा. उपनगरांची सकाळ त्यांच्या लादी पावावर उभी आहे.

बुधवार, १६ जुलै

आज ओरेगानोचा निकाल लागला. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या डब्यात साठल्या होत्या, त्यांना वास म्हणून उरला नव्हता. गॅलरीतल्या कुंडीत ओव्याच्या पानांचं झाड आहे, ज्याची आपण पावसात भजी करतो. पान चुरगळून नाकाशी धरलं की ओरेगानोचीच आठवण होते, आणि त्याला कारण आहे. दोन्हींत कार्व्हाक्रोल हे एकच तेलद्रव्य असतं. अर्धा किलो खिम्याला पाच पानं अगदी बारीक चिरून पुरतात. जास्त घातली तर औषधी वास येतो.

लेकीच्या आग्रहाखातर कोंबडीच्या छातीचा खिमाही करून पाहिला. चरबी कमी म्हणून सगळे तोच सुचवतात. मऊ झाला, पण मांसाची चव म्हणून काही नाही. अप्पांनी एक खाल्ला आणि वरणभाताकडे वळले. तंगडीच्या मांसाचा करता येईल, पण मटण मिळत असताना मला त्यात मन घालावंसं वाटत नाही.

मिठाबद्दल लिहून ठेवते. मीठ आधी घालून खिमा रगडला की मांस चिकट होतं आणि गोळा रबरी लागतो. त्यामुळे मीठ सगळ्यांत शेवटी, आणि मग बोटांच्या टोकांनी जेमतेम एकत्र करायचं. पोळीची कणीक मळणाऱ्या हाताला हे अवघड जातं.

शुक्रवार, १८ जुलै

दही पंच्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये टांगलं. या हवेत बाहेर ठेवलं तर सकाळपर्यंत आंबट होतं. ग्रीक दही म्हणून डब्यात महाग विकतात, तो आपला चक्काच. काकडी किसून, मीठ लावून, घट्ट पिळून त्यात घातली, एक पाकळी लसूण, लिंबू, आणि बारीक चिरलेला शेपू. तिकडच्या त्या दह्यातल्या काकडीत, म्हणजे त्झात्झिकीत, बरेचदा शेपू असतो. आमच्या घरात शेपूवरून दोन तट आहेत, पण या दह्यात तो सगळ्यांनी खाल्ला.

अंधेरीहून मैत्रीण आली होती, मरोळ गावठाणातली, ईस्ट इंडियन. तिने पिशवीतून बॉटल मसाल्याची बाटली काढली. तिच्याकडे हा मसाला उन्हाळ्यात कांडून बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात, म्हणजे उजेड लागत नाही आणि वर्षभर टिकतो. ‘अर्धा चमचा टाकून बघ,’ म्हणाली. चार गोळ्यांत टाकला. ते ग्रीक राहिले नाहीत, पण फार चांगले झाले.

रविवार, २० जुलै

आता प्रमाण बसलं. वहीत नीट उतरवते, कारण लेकीला आणि बोरिवलीच्या नणंदबाईंना दोघींनाही हवंय.

रानाचा खिमा अर्धा किलो. लादी पाव दोन. या दिवसांत शिळा पाव वाळत नाही, त्याला बुरशी धरते, म्हणून ताजाच पाव चिरून ओटीजीत दहा मिनिटं कोरडा करावा. एक मोठा कांदा किसून पिळावा आणि त्या रसात, लागेल तसं पाणी घालून, पाव भिजवावा. कांद्याचा रस टाकून देणं म्हणजे अर्धी चव टाकून देणं. मग पिळलेला कांदा, चार पाकळ्या लसूण, मूठभर पुदिना, ओव्याची पानं, अर्धा चमचा जिरेपूड, मिरपूड, एक अंडं. शेवटी पाऊण चमचा मीठ. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून ओल्या हाताने लिंबाहून लहान गोळे करावेत. ट्रेवर बटर पेपर, गोळ्यांमध्ये बोटभर अंतर. सगळ्या घाण्याला मिळून दोन छोटे चमचे तेल ब्रशने लावावं. ते जवळपास ९ ग्रॅम होतं, म्हणजे साधारण ८० कॅलरी, आणि ती चार माणसांत वाटली जाते.

ओटीजी आधी १५ मिनिटं तापवावा. २०० अंश, दोन्ही कांड्या चालू, १८ ते २० मिनिटं, मध्ये एकदा उलटावेत. शेवटची दोन मिनिटं फक्त वरची आच, त्याने रंग येतो. आतलं तापमान ७१ अंशांवर गेलं पाहिजे, कोंबडी असेल तर ७४. तापमापक नसेल तर एक गोळा मोडून बघावा, आत गुलाबी दिसता कामा नये. बाहेर काढल्यावर लगेच लिंबू.

अप्पांनी सहा खाल्ले. मग विचारलं, ‘अगं, तळलेस काय?’

मंगळवार, २२ जुलै

शेजारच्या बेन जैन आहेत. खिडकीतून वास गेला असणार, पण त्या काही बोलल्या नाहीत. तळणाचा वास दोन मजले चढतो, भाजण्याचा तेवढा नाही. त्यांच्या सुनेने मात्र विचारलं की यात भाजीचं काही होईल का. ग्रीसमध्ये झुकिनीचे गोळे करतात, चीज आणि पुदिना घालून. आपल्याकडे दुधी आहे. किसून, मीठ लावून, पिळायचा, त्यात पनीर, भाजलेलं बेसन, मिरपूड आणि जिरं. चातुर्मासात त्या पालेभाजी खात नाहीत, म्हणून पुदिना नाही. कांदा-लसूण तर नाहीच. माझ्या ओटीजीत मटण भाजलं जातं, तेव्हा मी करून देण्याचा प्रश्नच नव्हता. प्रमाण लिहून दिलं, त्यांनी त्यांच्या ओव्हनमध्ये केले. अर्धा तास लागला म्हणाल्या, दुधीला पाणी फार.

बुधवार, २३ जुलै

अमावास्या उद्या, पण उद्या गुरुवार, म्हणून आमची गटारी आजच. बोरिवलीहून नणंदबाई आणि त्यांचे यजमान आले. अर्धे गोळे भाजून दह्याबरोबर, अर्धे भाजून मग टोमॅटोच्या पातळ रश्शात पाच मिनिटं सोडलेले, सासूबाईंच्या पद्धतीने. रश्शातले जास्त चांगले लागतात, असं माझं ठाम मत झालंय. भाजलेला पृष्ठभाग रस्सा पितो आणि आतला पाव तो धरून ठेवतो. नणंदबाई म्हणाल्या, ‘वहिनी, आईचेच आहेत हे.’ अप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी वाटी पुढे केली.

गुरुवार, २४ जुलै

दीप अमावास्या. सकाळी समया घासल्या, संध्याकाळी कणकेचे गोड दिवे उकडले. ओटीजीची जाळी आणि ट्रे सोड्याच्या पाण्यात टाकून स्वच्छ केले. श्रावणाच्या अखेरीला त्यात निनावं भाजायचंय. खिमा आता अनंत चतुर्दशीपर्यंत नाही, आणि ती ६ सप्टेंबरला आहे. ज्यांच्या घरी श्रावण पाळत नाहीत त्यांनी या रविवारीच करून पाहावेत. फक्त पाव आणि कांद्याचा रस वगळू नये.