फुकटच्या कामाचे वेतन

मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत आम्ही तीसहून अधिक वर्षे काढली. नोटशीटवर वरिष्ठांचा शेरा कितीही कडू उतरला, तरी दुसऱ्या दिवशी माणूस वेळेवर खुर्चीत हजर असे. त्यात सोशिकपणाचे कौतुक नव्हते. महिनाअखेर पगार होत असे आणि शेरा गिळण्याचा मोबदला त्यातच धरलेला असे. जिथे पगारच नाही, तिथे कडू शेऱ्याचे काय होते, हा प्रश्न आम्हांस निवृत्तीनंतर पडला.

त्याला निमित्त झाला खासगी बाजारातील आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा. संगणक अभियंता असलेला हा तरुण फावल्या वेळात ‘ओपन सोर्स’ प्रकल्पांना मदत करतो. अशी प्रणाली कशी लिहिली आहे ते कोणालाही वाचता येते आणि दुरुस्तीही सुचवता येते. लिनस टॉरवल्ड्स या हेलसिंकीतील विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली लिनक्स अशीच वाढली. आज अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तीच आहे. मात्र सुचवलेली दुरुस्ती स्वीकारायची की नाही, हे प्रकल्पाचा ‘मेंटेनर’ ठरवतो. आपण त्याला कारभारी म्हणू.

या मुलाने एका प्रकल्पास दुरुस्ती धाडली. दीड महिना उत्तर नाही; मग ‘आधी नियम वाचा’ एवढाच शेरा. पुन्हा तो तिकडे फिरकला नाही. दुसऱ्या प्रकल्पातही त्याची पहिली दुरुस्ती परत आली. पण तेथील कारभाऱ्याने आभार मानून काय चुकले, का चुकले आणि काय पालटावे, हे चार ओळींत लिहिले होते. तेथे तो आज चार वर्षे टिकून आहे. नकार दोन्हीकडे मिळाला. दुसऱ्याने फक्त काम परत केले. पहिल्याने माणसालाच परत धाडले.

हा एका मुलाचा हळवेपणा नव्हे. लिनक्समध्ये यूएसबी ३.० चा भाग लिहिणाऱ्या सेज शार्प यांनी २०१५ साली, तेथील बोलण्याची रीत सोसवत नाही म्हणून, ते काम सोडल्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०१८ मध्ये खुद्द टॉरवल्ड्स यांनी आपल्या तिखट पत्रांबद्दल माफी मागितली, ते काही आठवडे कामापासून दूर राहिले आणि प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. इंग्रजी विकिपीडियाचे सक्रिय संपादक २००७ नंतर घटू लागले. नवख्यांचे चांगल्या हेतूने केलेले लेखनही कडक, यांत्रिक चाळणीत पुसले जाते, हे त्यामागचे एक मोठे कारण असल्याचे आरोन हाफेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवले.

कारभाऱ्याचीही बाजू आहे. तोही पुष्कळदा बिनपगारीच असतो. ‘एक्सझेड’ ही फायलींचा आकार लहान करणारी प्रणाली लासे कोलिन वर्षानुवर्षे फावल्या वेळात सांभाळत. २०२२ साली त्यांच्यामागे दिरंगाईचा तगादा लागला; आपले मनःस्वास्थ्य ठीक नसल्याचे त्यांनी सांगितले होते. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या मदतनिसाने विश्वास संपादून अधिकार मिळवले आणि २०२४ साली प्रणालीत चोरवाट बसवली. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ती वेळीच हेरली. तेव्हा सौजन्य म्हणजे डोळे मिटून सही करणे नव्हे. आणि थकलेल्या कारभाऱ्यालाही ते तितकेच देणे लागते.

संस्थानी काळात ‘खासगी’ म्हणजे राजघराण्याची स्वतःची मिळकत. तिचा हिशेब रयतेने विचारायचा नसे. सार्वजनिक कामात दीर्घकाळ राबलेल्या माणसास ते कामही हळूहळू खासगी वाटू लागते. हे संगणकाच्या जगातच घडते असे नाही. ‘नवी मुले येत नाहीत’ ही तक्रार ग्वाल्हेरच्या मराठी बैठकींत आम्ही नेहमी ऐकतो. मुले येतात, पण त्यांनी तयार केलेली ग्रंथसूची महिनाभर कपाटावर धूळ खाते आणि मग कोणीतरी ‘आमच्या वेळी असे नव्हते’ म्हणून ती बाजूला सारतो. स्वयंसेवकाचे वेतन एकच: आपले काम कोणीतरी नीट पाहिले, ही खात्री. ती वेळेवर आणि कारणासह द्यावी; मग उत्तर नकाराचे असले तरी चालते.