भरतपूरचे पक्षी आणि अण्णांचा कॅमेरा

मुंबई–दिल्ली रेल्वेमार्गावरच्या भरतपूर स्टेशनात आम्ही उतरलो तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. पहाटेची थंडी चांगलीच बोचत होती. मी, माझे यजमान, बारावी झालेली आमची मुलगी आणि माझे वडील, असे आम्ही चौघे. अण्णांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. फिल्मच्या जमान्यात त्यांनी घरातल्या प्रत्येक मंगलकार्याचे फोटो काढले. पण हाताला कंप सुरू झाला आणि एक दिवस त्यांनी कॅमेरा कपाटात ठेवून दिला. “हलणाऱ्या हातानं फोटो काढायचे नसतात,” एवढेच म्हणाले. चालताना तोल जाऊ लागला, तरी हातात काठी घ्यायला मात्र त्यांचा साफ नकार होता.

म्हणून यंदा ह्यांनी त्यांना नवा डिजिटल कॅमेरा आणि लांबवरचे टिपणारी लेन्स घेऊन दिली. लेन्सच्या कडेला ‘स्टॅबिलायझर’चा खटका होता. हात हलला तरी चित्र हलू न देणारी ही सोय. सोबत ट्रायपॉड आणि मोनोपॉडही घेतला. ट्रायपॉड म्हणजे तीन पायांची घोडी, तर मोनोपॉड म्हणजे एकाच पायाची, लांब-आखूड होणारी काठी.

भरतपूरचे केवलादेव उद्यान जेमतेम २९ चौरस किलोमीटरचे. आतल्या केवलादेव महादेवाच्या देवळावरून त्याला हे नाव पडले. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांनी अजान बांध घातला, त्याच्या पाण्यावर हा पाणथळ प्रदेश पोसला गेला. १९८५ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. आत सायकलरिक्षाने हिंडायचे. रिक्षावालेच वाटाडे! आमच्या रिक्षावाल्याची नजर अशी, की बाभळीच्या ढोलीतला पिंगळा आम्हाला दिसेपर्यंत त्याने तो तीनदा दाखवला होता.

पहिल्या पहाटे पाण्यावर धुके तरंगत होते. अण्णांनी हौसेने ट्रायपॉड उभा केला, कॅमेरा त्यावर बसवला आणि अंधूक उजेडात, अर्ध्या-एका सेकंदाचे दहा-बारा फोटो काढले. पडद्यावर मोठे करून पाहिले, तर सगळे पुसट! झाडांच्या कडा जणू ओल्या शाईवरून बोट फिरवल्यासारख्या. अण्णांचा चेहरा उतरला. “तीन पायांवर ठेवूनसुद्धा हललाच. आता हात गेले, हेच खरं,” असे म्हणून त्यांनी कॅमेरा मुलीच्या हाती दिला.

पण मुलगी चौकस. दुपारच्या उन्हात तिने आजोबांकडून हातात धरूनच दोन-चार फोटो काढून घेतले होते. रात्री ते पाहताना ती एकदम म्हणाली, “अण्णा, बघा ना, हातात धरून काढलेले स्वच्छ आहेत आणि ट्रायपॉडवरचेच पुसट! मग दोष तुमच्या हाताचा कसा?”

मग आम्ही कॅमेऱ्याबरोबर आलेली पुस्तिका काढली. त्यात स्पष्ट लिहिले होते, ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझर बंद ठेवा.

यामागचे कारण मोठे गमतीचे आहे. स्टॅबिलायझरमध्ये हालचाल ओळखणारे बारीक संवेदक असतात. कॅमेरा एका बाजूला कलला, की लेन्समधली काही भिंगे किंवा कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग लगेच उलट सरकतो आणि चित्र जागच्या जागी राहते. पण ट्रायपॉडवर कॅमेरा हलतच नाही. तरीही काही यंत्रणा स्वस्थ बसत नाहीत. स्वतःचीच बारीक थरथर त्यांना हाताचा कंप वाटते, ती सुधारायला जाताना पुन्हा थरथर होते आणि लांबलेल्या वेळात ती सगळी चित्रात उतरते. निजलेल्या बाळाला उगाच थोपटून जागे करावे, तसेच!

कॅननने १९९५ मध्ये अशी पहिली बदलता येणारी लेन्स बाजारात आणली. त्यानंतर सुधारणा होत गेल्या. अनेक नव्या लेन्स आपण ट्रायपॉडवर आहोत हे स्वतःच ओळखतात. सगळ्याच ओळखतात असे नाही, म्हणून आपल्या कॅमेऱ्याची पुस्तिका वाचलेली बरी.

दुसऱ्या पहाटे अण्णांनी खटका बंद केला. ट्रायपॉडचा मधला दांडा खाली घेतला, पाय घट्ट रोवले आणि बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो निघेल अशी योजना केली, म्हणजे बोटाचा धक्काही नको. धुक्यात सारसांची जोडी उभी होती. त्यांच्या मागची गवताची पाती न् पाती चित्रात उमटली. अण्णा काही बोलले नाहीत, पण कॅमेरा परत मुलीकडे गेला नाही.

उजाडल्यावर रंगीत करकोच्यांच्या वसाहतीपाशी गेलो. मोठी झालेली पिल्ले घरट्यांच्या काठावर पंख पसरून पाहत होती. इथे ट्रायपॉड मांडायला वेळ कुठला? अण्णांनी मोनोपॉड घेतला आणि खटका पुन्हा चालू केला. एका पायाची काठी कॅमेऱ्याचे वजन पेलते, त्याचे वर-खाली होणे रोखते. पण पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे डुलणे राहतेच. ते स्टॅबिलायझर सांभाळतो. दोघांची जोडी छान जमते.

उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवायचा असेल, तर काही लेन्सवर वेगळी सोय असते. ती फक्त वर-खालचा कंप रोखते, आडव्या फिरण्याला अडवत नाही. एक मात्र लक्षात ठेवावे, स्टॅबिलायझर आपला हात सावरतो, पक्ष्याचे पंख थांबवत नाही. त्यासाठी शटरचा वेगच वाढवावा लागतो.

देवळाजवळ एक शिलालेख आहे. त्यावर इथल्या शिकारींचे आकडे कोरले आहेत. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी भरवलेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. आम्ही सगळे गप्प झालो. इथे येणारे सायबेरियन क्रौंचही २००२ नंतर दिसलेले नाहीत. अण्णा हळूच म्हणाले, “तेव्हाही नेम धरायला हात स्थिरच लागला असेल. तो कशासाठी स्थिर करायचा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.”

परतताना जवळचे फत्तेपूर सिक्री पाहिले. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पूर्वपरवानगीशिवाय ट्रायपॉड चालत नाही, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. दिवाण-ए-खासच्या मधल्या कोरीव खांबाचा फोटो अण्णांनी भिंतीला पाठ टेकवून, कोपरे अंगाशी घेऊन, श्वास रोखून काढला. खटका अर्थातच चालू होता.

तो फोटो आज आमच्या दिवाणखान्यात आहे. शेजारी सारसांची जोडी. अण्णांच्या हाताचा कंप काही गेलेला नाही, फक्त तो चित्रात उतरत नाही. आणि हो, काठी नको म्हणणारे अण्णा हल्ली रोज सकाळी मोनोपॉड टेकत फिरायला जातात. कुणी विचारलेच तर म्हणतात, “काठी नव्हे हो, कॅमेऱ्याचं सामान आहे!”